कुंचीतलं पाऊण किलो

लेकरू हातात घेतलं की त्याचं वजन माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडतं. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, हरसूलच्या आठवडे बाजारात, कुठंही. "सव्वासात असेल, थोडं कमी आहे," असं मी म्हणते आणि त्या लेकराची आई माझ्याकडे अशी बघते, जणू मी भाव पाडायला आलेय. सून म्हणते, "आई, आता निवृत्त झालात तुम्ही." झाले ना. पण हाताला कुणी निवृत्तीचं पत्र दिलेलं नाही.

हरसूलच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर मी तिसेक वर्षं अंगणवाडी चालवली. शिक्षण म्हणाल तर सातवी. पुढचं जे काही आलं ते रजिस्टरं भरून, नर्सताईंना प्रश्न विचारून विचारून आणि चुका करून आलं. त्यातल्याच एका चुकीची गोष्ट इथं सांगणार आहे. पाड्यावर ती सगळ्यांना पाठ आहे आणि मी असले की हमखास निघते, तेव्हा म्हटलं आपणच लिहून टाकावी, निदान तिखटमीठ तरी आपल्या हातचं राहील.

माझं माहेर वणीकडचं. वडील भाजीपाला पिकवायचे आणि बाजारात स्वतः विकायला बसायचे. मी त्यांच्या शेजारी बसून मोठी झाले. पारड्याखाली अंगठा कसा लावतात, मेथीच्या जुडीवर पाणी कधी मारतात, पोत्याच्या तळाला माती कशी बसवतात, हे सगळं मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. वडील स्वतः यातलं काही करायचे नाहीत, पण दुसऱ्याचं बरोबर पकडायचे. ते म्हणायचे, "आधी माल हातात घ्यायचा, मग काट्याकडं बघायचं." आता बघा, अशा माणसाची मी लेक. आणि मला काट्यावर कुणी फसवलं, तर डोळ्याला नीट न दिसणाऱ्या एका म्हातारीनं.

ती म्हातारी म्हणजे बुधीआजी. पण तिच्याकडे येण्याआधी आमचं काम काय, ते सांगते.

लोकांना वाटतं अंगणवाडी म्हणजे गाणी म्हणायची आणि खिचडी वाटायची. ते आहेच. पण त्यातलं खरं काम म्हणजे वजन. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाच वर्षांखालचं प्रत्येक लेकरू काट्याला लावायचं. तेव्हा आताच्यासारखे आकडे उमटणारे काटे नव्हते. घड्याळासारखा गोल काटा आढ्याला टांगायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत लेकरू. झोळीत घातलं की लेकरू रडणार, रडलं की पाय झाडणार, पाय झाडले की काटा नाचणार. तो स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा. मग तक्त्यावर ठिपका. हिरव्या पट्ट्यात आला तर छान, पिवळ्यात आला तर लक्ष ठेवा, लाल पट्ट्यात आला तर जेवण गोड लागत नाही.

पहिल्या वर्षी तर बाया लेकरं काट्याला लावूच द्यायच्या नाहीत. बुधीआजीनं तर दारातूनच सुनावलं होतं, "लेकरं काय मिरच्या हायेत व्हय, झोळीत घालून मोजायला? नजर लागंल." मग मी माझंच पोर सगळ्यांसमोर झोळीत घातलं. त्याला काही झालं नाही, उलट ते झोळीतून उतरायलाच तयार होईना. तेव्हा कुठं एकेक बाई पुढं आली.

सरकारी पाकिटांचंही सांगते. घरी न्यायला पिठाची गोड पाकिटं यायची. बाया घेऊन जायच्या, सही करायच्या. एका वर्षी मला कळलं की पाकिटं लेकरांना रुचत नाहीत म्हणून कोंबड्यांना जातात. त्या वर्षी आमच्या पाड्यावरच्या कोंबड्या सगळ्या हिरव्या पट्ट्यात होत्या.

आता भुकेचं. आमच्या वणीकडं तंगी यायची ती उन्हाळ्यात, विहिरी आटल्या की. लग्न होऊन इकडं आले तर इथं सगळं उलटं. आषाढ-श्रावणात डोंगर हिरवागार, ओढे भरून वाहतात, नाशिकहून गाड्या भरून माणसं फोटो काढायला येतात, आणि नेमकी तेव्हाच घरातली कणगी तळाला गेलेली असते. गेल्या वर्षीची नागली, म्हणजे नाचणी, संपत आलेली, नवी अजून रोपात. ती हाताला लागणार दिवाळीच्या पुढंमागं. मधले दोन-तीन महिने पातळ पेज, रानभाजी आणि कडू कंद. तो कंद चकत्या करून, शिजवून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा खाण्यासारखा होतो. मोठी माणसं निभावून नेतात. रानभाजीवर मीही निभावलंय आणि चवीनं खाल्लंय. पण दीड वर्षाच्या लेकराचं पोट मुठीएवढं. त्याला पाल्यानं भरलं तर बाकी काही मावत नाही.

त्यात हेच दिवस आवणीचे. भात आणि नागलीची रोपं काढून दुसरीकडं लावायची, चिखलात, भर पावसात. ही आवणी एकट्या घराची होत नाही. सावड असते. आज दहा बाया तुझ्या खाचरात, उद्या तू त्यांच्या. एक दिवस चुकवलास तर तुझ्या खाचरात कोण येणार? म्हणून आई पहाटे जाते ती अंधारून आल्यावर परतते. लेकरू आजीजवळ. आजी काय, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भरवणार.

तर बुधीआजीची नात यमुना, दीड वर्षाची. आम्ही यमू म्हणायचो. त्या वर्षी आषाढाच्या तोंडावर तिचं वजन भरलं सात किलो. ठिपका लाल पट्ट्यात. मी तिची आई सुमनला सांगितलं, "रोज अंगणवाडीत आण, दिवसातनं चार-पाच वेळा थोडं थोडं खाऊ घालू. पण पुढच्या महिन्यात वजन वाढलं नाही तर नाशिकला दवाखान्यात न्यावं लागेल. चौदा दिवस. आईनं सोबत राहायचं."

सुमनच्या आधी आजी बोलली. "चौदा दिस? आवणीत?"

"हो आजी."

"बरं," म्हणाली आणि निघून गेली. बुधीआजी एका शब्दात गप्प झाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुढच्या महिन्याचं वजन. त्या वर्षी पाऊस इतका लागून होता की आवण्या लांबल्या होत्या. आजी यमूला कडेवर घेऊन आली. लेकराच्या डोक्यावरून पाठीपर्यंत नवी कोरी कुंची, जाडजूड, काठाला दुहेरी शिवण. नियम असा की अंगावरचे जाड कपडे काढून वजन करायचं. मी कुंचीला हात घातला तर आजीनं माझं मनगट धरलं.

"गारठा हाय बाई. कुंची काढू नको. पोर आधीच शेंबडी हाय."

मीही म्हटलं, कुंचीचं वजन ते किती. घातलं झोळीत. काटा गेला पावणेआठवर. मी दोनदा बघितलं. माझी मदतनीस हिराबाईला बघायला लावलं. एका महिन्यात पाऊण किलो. लेकरू लालमधून थेट पिवळ्यात.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. सुपरवायझर मॅडम आल्या तर त्यांनाही तक्ता दाखवला. त्यांनी हरसूलच्या बैठकीत मला उभं केलं आणि म्हणाल्या, "सांगा, तुम्ही काय काय भरवलंत?" मी चांगली पाच मिनिटं बोलले. नागलीची पेज, त्यात गूळ, खिचडीवर खुरासणीचं तेल, अंडं कसं कुस्करायचं ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि परत आल्यावर यमूचं नाव जादा आहाराच्या यादीतून काढून तिच्या जागी दुसरं लेकरू घातलं, कारण वाटप मोजकंच यायचं. आजीचं घर ओढ्यापलीकडं. रोज यायची गरज नाही म्हटल्यावर तिनं आणणं बंद केलं.

इथं एक गोष्ट कबूल करते. झोळीतून यमूला उचलताना तिचा दंड माझ्या बोटांत आला होता. माझा अंगठा आणि पहिलं बोट अगदी सहज भिडलं. हाताला कळलं होतं. पण काटा म्हणत होता पावणेआठ, आणि मला काट्याचं ऐकायचं होतं.

मधेच एकदा काळूबाबा भेटले. हे बुधीआजीचे मालक. ओढ्याच्या कडेला डोक्यावर पानांचं पावसाळी इरलं घेऊन उभे, हातात फेकायचं जाळं आणि तोंडात शिव्या.

"काय झालं बाबा? मासे नाहीत?"

"मासे लय हायेत. जाळंच बुडंना."

"म्हणजे?"

"टाकतो तर पाण्यावर पसरतंय गोधडीवानी. मासं खालून हसत जात्यात."

मीही हसले आणि पुढं गेले. वणीची पोर मी, मला जाळ्यातलं काय कळणार.

त्या वजनानंतर दहाएक दिवसांनी लसीकरण होतं म्हणून आजीला यमूला घेऊन यावंच लागलं. भिजत आली होती. लेकरू मलूल, मान खांद्यावर टाकलेली. हिराबाईनं पुढं होऊन ओली कुंची काढली आणि चुलीजवळच्या दोरीवर टाकायला गेली. दोरीवरून कुंची निसटली आणि फरशीवर पडली ती ठप्प आवाज करून. कापड पडल्यावर असा आवाज येत नाही.

हिराबाईनं काठ चाचपला. दातानं शिवण उसवली. आतनं एकेक शिशाची गोळी घरंगळत बाहेर आली. जाळ्याला खाली बांधतात ना, बुडावं म्हणून, त्या गोळ्या. खोलीत गोळ्या घरंगळण्याचा आवाज आणि बाहेर पाऊस.

मी आजीकडं बघितलं. आजी छताकडं बघत होती.

मी कुंचीशिवाय यमूला झोळीत घातलं. पावणेसात. म्हणजे आधीपेक्षाही पाव किलो कमी.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. बैठकीतल्या टाळ्या आठवल्या आणि आणखी आला. "आजी, हे काय केलंत? पोरीच्या जिवाशी खेळ झाला हा."

तशी आजी खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "तू म्हणालीस चौदा दिस. सुमन चौदा दिस नाशकाला गेली तर सावडीत कोण जाईल? नाय गेली तर आमच्या खाचरात कोण येईल? नागली लागलीच नाय तर पुढच्या पावसात यमू काय खाईल, आन तिची दोन भावंडं काय खातील? सांग की बाई. तुझ्या तक्त्यावर पुढच्या सालाचा ठिपका कुठं हाय?"

मी एका महिन्याचा विचार करत होते आणि ती म्हातारी एका वर्षाचा.

तेवढ्यात नर्सताई लस घेऊन आल्या. त्यांनी यमूला उलटंपालटं करून तपासलं. ताप नाही, पायाला सूज नाही. मग त्यांनी वाटीभर खिचडी तिच्यापुढं धरली. यमूनं वाटी दोन्ही हातांनी ओढून घेतली. नर्सताई म्हणाल्या, "भूक शाबूत आहे. आठ दिवस इथंच करून बघू. दर दोन-अडीच तासांनी खाणं. तेवढ्यात वजन वाढलं तर ठीक. नाही तर आवणी असो की काही असो, मी स्वतः गाडीत बसवून नाशिकला नेणार."

आता आठ दिवस, दर दोन-अडीच तासांनी, भरवणार कोण? सुमन खाचरात. आजीला ओढा ओलांडून दिवसातून पाचदा येणं होणार नाही. मी खाऊ नेऊन देईन, पण बाकीची तीस लेकरं कुणावर सोडू? आम्ही तिघी हिशेब घालत बसलो. आणि आजी, जिच्यावर मी पाच मिनिटांपूर्वी ओरडले होते ती, एकदम म्हणाली, "सावड करा की."

"कशाची?"

"पोरीची. भाताची करताव, नागलीची करताव. पोरीची नाय करता येत व्हय?"

आणि खरंच तसंच केलं. ज्या दिवशी ज्यांच्या खाचरात आवणी, त्या दिवशी यमू त्यांची. बांधावर सादड्याच्या झाडाखाली इरलं उभं करून त्यात आजी आणि यमू. सकाळी हिराबाई खिचडी, गूळ आणि उकडलेली अंडी डब्यात नेऊन द्यायची. त्या घरची बाई आपल्याकडचं काहीतरी आणायची. कुणी शेंगदाणे भाजून कुटून, कुणी उडदाचं घट्ट वरण, कुणी खेकड्याचं पातळ कालवण. घड्याळ कुणाकडं नव्हतं आणि सूर्य ढगाआड. मग बायांनीच ठरवलं, एक खाचर लावून झालं की एकदा भरवायचं. चिखलाचे हात ओढ्यात धुऊन ज्या बाईची पाळी ती बांधावर यायची, आणि बाकीच्या खाचरातून ओरडायच्या.

"पुरं खाल्लं का गं?"

"नाय, तोंड फिरवतीय."

"तुझं तोंड बघून फिरवतीय. बाजूला सर, मी येते."

काळूबाबांच्या गोळ्या मी परत दिल्या, पण अट घालून. पहिला मासा यमूचा. बाबांनी एकेक गोळी जाळ्याला बांधताना बायकोकडं असं बघितलं, की मला त्यांचीच दया आली. "इतके दिस मी जाळं विणणाऱ्याला शिव्या दिल्या," एवढंच म्हणाले.

माझा जीव मात्र टांगणीला होता. तिसऱ्या दिवशी यमूला जुलाब झाले. मी साखर-मिठाचं पाणी घेऊन पळत गेले आणि दिवसभर बांधावरच बसले. मनात म्हटलं, आता ही गेली दवाखान्यात, आणि माझ्यामुळं दहा दिवस उशिरा. ज्या दहा दिवसांत मी टाळ्या घेतल्या ते. संध्याकाळी जुलाब थांबले. पाचव्या दिवशी यमू इरल्यातून रांगत बाहेर आली आणि चिखलात बसून चिखल खायला लागली. आजी तिला पुसायचं सोडून ओरडली, "सुमे, बघ, आता मागून खातीय."

आठव्या दिवशी पावसानं उघडीप दिली. नर्सताई म्हणाल्या, अंगणवाडीत कशाला, इथंच करू. मग सादड्याच्या फांदीला काटा टांगला. खाचरातल्या बाया काम टाकून बांधावर गोळा झाल्या, हातात रोपं तशीच. मी यमूला घ्यायला हात पुढं केले, तर आजी म्हणाली, "थांब." तिनं स्वतः यमूची कुंची काढली. मग झबलं काढलं. मग कमरेचा काळा करगोटाही सोडला आणि माझ्या हातात दिला. "घे. आता बघ काय हाय ते."

उघडीनागडी यमू झोळीत. तिनं पाय झाडले, काटा नाचला. मी श्वास धरला. काटा थांबला तो सात किलो आणि वर शंभर ग्रॅमवर. मी बोलायच्या आधी आजीनं माझा सुटलेला श्वास ऐकला होता. खाचरात एक आरोळी गेली, आणि कुणीतरी चिखलाचा गोळा मारला तो नर्सताईंच्या पांढऱ्या साडीवर. नर्सताई म्हणाल्या, "असू दे, वजनात धरू नका."

सुमन नाशिकला गेली नाही. त्यांची नागलीही लागली. सावड पुढंही महिनाभर चालली आणि दिवाळीला नव्या नागलीची भाकरी यमूनं स्वतःच्या हातानं मोडून खाल्ली. दुसऱ्या वर्षापासून आवणी आली की बाया स्वतःच विचारायच्या, "यंदा बांधावर कोणती लेकरं?" मॅडमना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे बैठकीत सांगाल?" सांगितलं. या वेळी टाळ्या कमी आणि हसू जास्त होतं. आणि बुधीआजीला मी वजनाच्या दिवशी दारात बसवायला सुरुवात केली. प्रत्येक लेकराचे काठ चाचपायला. डोळ्याला कमी दिसायचं, पण बोटं अशी की कनवटीला लावलेली सुपारीसुद्धा सुटायची नाही. "मला नको शिकवू," आयांना म्हणायची, "ह्यातली सगळी वाट मी चाललीय."

सगळ्याच लेकरांचं असं गोड झालं असं म्हणणार नाही. काही लेकरं मी नाशिकला पोचवली, आणि एकदा पोचवायला उशीर केला. ते नाव मी इथं लिहीत नाही, पण तिसेक वर्षांतली रजिस्टरं कुणी जाळली तरी ते माझ्याजवळ राहील.

आता शेवटचं. मागच्या चैत्रात मी निवृत्त झाले. पाड्यानं ठरवलं की बाईची तुला करायची, नागलीनं. मी तिसेक वर्षं त्यांची लेकरं मोजली, आता त्यांनी मला मोजायचं. आठवडे बाजारातल्या धान्यवाल्याची मोठी तागडी आणून त्याच सादड्याला टांगली. घराघरातून पायलीपायलीनं नागली आली. मी लाजत पारड्यात बसायला निघाले, तर यमू पुढं आली. आता अठराची आहे, माझ्यापेक्षा उंच. तिच्या हातात एक भलीमोठी कुंची, माझ्या मापाची, जुन्या लुगड्यांची शिवलेली. तिनं ती माझ्या डोक्यावर घातली. मान एकदम खाली गेली.

चैत्रातलं ऊन डोक्यावर, मी घामानं भिजलेली. मी कुंची काढायला हात नेला तर पलीकडून बुधीआजीचा आवाज आला. आता तिला अजिबात दिसत नाही, पण तोंड माझ्याकडेच होतं.

"गारठा हाय बाई. कुंची काढू नको."

मी काठ चाचपला नाही. गुपचूप पारड्यात बसले. समोर पोत्यावर पोती चढत गेली, मी वजनदार आहे हे मान्य, पण एवढी नाही. धान्यवाला डोकं खाजवत होता, सगळा पाडा गंभीर चेहरा करून उभा होता. मी खाली मान घालून बसले होते, मान वर करणं शक्यही नव्हतं. वजनाच्या कामात जाणूनबुजून केलेली माझी ती एकमेव लबाडी.

ती सगळी नागली मी अंगणवाडीच्या कोठीत ठेवून आले, पुढच्या आवणीत बांधावरच्या लेकरांसाठी. कुंची घरी आणली. सून म्हणाली, "आई, यात दगड भरलेत का?" मी ती खुंटीला टांगली. मला एकच वाटत होतं, की त्या दिवशी आमच्या पाड्यावरचं एकही जाळं पाण्यात बुडालं नसणार.